उभं मावतं, पण उभं करता येत नाही



गेल्या आठवड्यात तिघांचे फोन आले आणि तिघांचं विचारणं एकच. घरातलं कोणीतरी मुंबई-ठाण्याकडून बिऱ्हाड आवरून कायमचं गावी येतंय, तर सामान एसटीच्या मालवाहू गाडीतून आणावं का खासगी टेम्पोतून? मी २०२१ च्या फेब्रुवारीत हे काम केलंय. जाताना त्याच गाडीतून आलं वाशीला नेलं आणि परतीला थोरल्या भावाचं बिऱ्हाड ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून आणलं. फोनवर प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो. आज पिकाचं कमी आणि कपाटाचं जास्त आहे, चालवून घ्या.

आधी गाडीचं. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं आणि एसटी जागेवर उभी राहिली. १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी धावली, तेव्हापासून एसटीनं माणसं वाहिली, पण माणसांनाच घराबाहेर पडायची बंदी झाल्यावर करणार काय? मग मे २०२० मध्ये महामंडळानं मालवाहतूक सुरू केली. रत्नागिरीहून बोरिवलीला हापूसच्या पेट्या गेल्या, ती सुरुवात. पुढं त्याला महाकार्गो असं नाव मिळालं. प्रवासी वाहून दमलेल्या जुन्या गाड्यांची बाकडी काढायची, खिडक्या पत्र्यानं बंद करायच्या आणि आत माल भरायचा, असा तो सगळा प्रकार. लाल डब्यातून लग्नाला जाणारी आपण माणसं. त्याच डब्यात आल्याची पोती बघून पहिल्यांदा जरा चुकल्यासारखं वाटलं.

सगळ्या गाड्या एकसारख्या असतील असं धरू नका. आमच्या वाट्याला आलेली गाडी मी टेपनं मोजली होती, तेच सांगतो. आतली रुंदी साडेसात फुटाला थोडी जास्त. तळापासून छतापर्यंत ७५ इंच. मागं दोन पाखांचं दार केलेलं, त्याची मोकळी रुंदी ४६ इंच आणि उंची ५८. पुढचं कंडक्टरचं दार तसंच ठेवलेलं, पण त्यातून मोठं सामान आत घ्यायचा विचारसुद्धा करू नका. तीन पायऱ्या चढायच्या आणि लगेच काटकोनात वळायचं. तिथं माणूस वळतो, पलंग वळत नाही. मागच्या चाकांवर दोन्ही बाजूंना पत्र्याचे उंचवटे आहेत, म्हणजे तिथं तळ सपाट नाही. गाडीचा तळ जमिनीपासून साडेतीन फूट वर. ट्रॉलीचा फाळका पाडून माल सरकवायची आपली सवय असते, इथं तेवढ्या उंचीवर उचलून द्यावं लागतं. आम्ही आठ फुटी दोन जाड फळ्या सोबत नेल्या होत्या, त्याचा फार उपयोग झाला.

आल्याचं थोडक्यात. आमच्या सातारा भागात आल्याचा भाव गाडीवर चालतो, एक गाडी म्हणजे ५०० किलो. त्या वेळी व्यापारी जागेवर जो भाव सांगत होता तो आम्हाला पटेना. मग चौघांनी मिळून माल एकत्र केला आणि वाशीला न्यायचं ठरवलं. खिडक्या पत्र्यानं बंद असल्यामुळं अशा गाडीत दिवसा उन्हात ओला माल भरून नेऊ नका, आत भट्टी होते आणि आल्याला घाम सुटतो. आम्ही सूर्य मावळल्यावर भरलं, रात्री निघालो, पहाटे वाशीत. पोत्यांच्या दोन थप्प्यांमध्ये वीतभर फट ठेवली होती वारा फिरायला. माल चांगला उतरला. भाव काय मिळाला ते विचारू नका, जागेवरच्या भावापेक्षा बरा मिळाला एवढंच.

आता गाडी वाशीत रिकामी झाली होती आणि वाशीहून ठाणं काही लांब नाही. डेपोत बुकिंग करतानाच परतीचं भाडं त्याच गाडीचं ठरवून घेतलं होतं. खासगी टेम्पोवाले जायचं आणि यायचं दोन्ही भाडं आपल्याकडून मागतात. इथं एका फेरीत दोन्ही कामं झाली. ज्यांचा शेतमाल तिकडं जातो त्यांनी हा हिशोब जरूर करावा. आजचे दर डेपोतच विचारा, मी तेव्हाचा आकडा सांगून उपयोग नाही.

दादा १९८७ ला ठाण्याला गेला. मी तेव्हा शाळेत होतो. वागळे इस्टेट ही एमआयडीसीच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींतली. महामंडळच १९६२ चं, आणि ठाण्याची ही वसाहत तेव्हापासूनची. रस्त्यांना नावं नाहीत, नंबर. रोड नंबर १६, रोड नंबर २२. आमच्याकडचा माणूस पत्ता सांगताना नंबरच सांगायचा, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना वाटायचं हा तुरुंगातला नंबर सांगतोय का काय. कारखान्यांच्या पलीकडं किसननगर, श्रीनगर, रामचंद्रनगर. सातारा, पुणे आणि कोकणातली माणसं या वस्त्यांतून दाटीवाटीनं राहिली. दादा पत्र्याच्या कामाला लागला. स्टीलची कपाटं, फाईल ठेवायची रॅक, लॉकर, असलं बनवणारी छोटी कंपनी. पत्रा कापायचा, वाकवायचा, स्पॉट मारायचा. ३३ वर्षं हेच काम. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पुढून अर्धा पेर कमी आहेत, प्रेसखाली गेली. त्याला त्याचं काही वाटत नाही, मोजताना साडेनऊ-साडेनऊ म्हणून हसतो.

लॉकडाऊनमध्ये ती कंपनी बंद पडली ती पडलीच. नाव घेत नाही. हिशोबाचे पैसे तेव्हा मिळाले नव्हते आणि आजही पुरते मिळालेले नाहीत. दादाची साठी जवळ आलेली. खोली भाड्याची, दुसऱ्या मजल्यावर. पुतण्या कल्याणकडं नोकरीला, तिथंच मित्रांबरोबर राहतो. दिवाळीत दादानं फोनवर विचारलं, "आपली आतली खोली मोकळी हाय का रे?"

त्या खोलीत माझी वाघ्या घेवड्याची पोती होती, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, फवारणीचा पंप आणि एका कोपऱ्यात खत. खोली दादाच्याच वाट्याची. आबा होते तेव्हा तोंडी वाटणी झालेली, कागद नाही. इतकी वर्षं ती मी वापरली, त्यानं कधी एका शब्दानं विचारलं नाही. मी म्हणलं, "मोकळीच हाय समज." मग पुढचा महिनाभर मी आणि बायको खोली मोकळी करत होतो. घेवडा विकला, बियाण्यापुरता ठेवला. नळ्या शेडमध्ये गेल्या. भिंतीला चुना मारला. बायको एवढंच म्हणाली, "भाऊजी एकटं येणार न्हाईत, घर येणार हाय." ती बरोबर बोलत होती. ३३ वर्षांनी माणूस सुटकेस घेऊन येत नाही.

सकाळी नऊला गाडी वागळे इस्टेटमध्ये आली. किसननगरच्या गल्लीत बस शिरत नाही हे दादानं आधीच सांगितलं होतं, म्हणून गाडी रोड नंबर १६ ला कडेला लावली आणि तिथून खोलीपर्यंत दोनशे-अडीचशे पावलं हातगाडी. तीन हात नाक्याकडं मेट्रोच्या कामानं रस्ता आधीच अर्धा झालेला, त्यात आमची एवढी मोठी गाडी. ड्रायव्हर नगरकडचा, भला माणूस. म्हणाला, "मामा, दोन तासांत उरका, इथं कोण थांबू देत न्हाय."

मामेभाऊ वाशी मार्केटला माथाडी आहे, तो त्याचे दोन जोडीदार घेऊन आला होता. इथं जरा विषय सोडून सांगतो. माथाडी कायदा १९६९ चा. ज्यांनी तो लढून मिळवला ते अण्णासाहेब पाटील आमच्याच जिल्ह्यातले, पाटण तालुक्यातले. ओझं उचलणं हे अंगमेहनतीचं काम आहे असं सगळे म्हणतात. त्या तिघांचं काम बघितल्यावर मी तसं म्हणायचं सोडून दिलं. कपाटाला हात लावायच्या आधी मामेभावानं जिना वर-खाली दोनदा चालून बघितला, वळणावर थांबून हात पसरला, कठड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "जिन्यानं येत न्हाय. गॅलरीतनं सोडायचं." टेप नाही, काही नाही. मी नंतर टेप लावून बघितली. जिन्याची रुंदी ३० इंच आणि वळणावरची जागा ३० बाय ३२. कपाटाची उंची ७८ इंच. येतच नव्हतं.

मग कपाट रिकामं केलं, आतले कप्पे काढले. दाराचा आरसा दादानं क्लिपा काढून वेगळा केला. दार कुलूप लावून वरून सुती दोरीनं आवळलं. नायलॉनची दोरी पत्र्यावर सरकते, हे ध्यानात ठेवा. गोधडी गुंडाळली. दोन पट्टे, एक खालून एक मधून, वर तिघं आणि खाली रस्त्यावर आम्ही दोघं मागं ओढून धरायला, म्हणजे कपाट भिंतीवर आपटत नाही. दुसऱ्या मजल्यावरून ते कपाट खाली येताना शेजारच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. लॉकडाऊनमुळं बहुतेकांच्या तोंडाला फडकी. एक म्हातारी वरून ओरडली, "अगं, जपून, त्याचं हाताचं हाय ते!" तेव्हा मला कळलं की हे कपाट दादानं स्वतः बनवलेलं आहे. कंपनीतच, सुट्टीच्या दिवशी मालकाला विचारून, पत्र्याचे पैसे पगारातून कापून घेऊन. वहिनींनी मला ते कधी सांगितलं नव्हतं. दादा तर सांगणारच नाही.

पलंगाचं वेगळंच. तो सुताराकडून खोलीतच करून घेतलेला. आतच जोडला, त्यामुळं जसाच्या तसा बाहेर येण्याचा प्रश्नच नव्हता. असं फर्निचर मुंबईच्या खोल्यांत फार असतं. अशा वेळी आधी बघायचं की जोड स्क्रूचे आहेत का खिळे आणि डिंकाचे. स्क्रूचे असतील तर तासात सुटतो. खिळे ठोकलेले असतील तर मोडूनच निघतो, आणि गावी आणून पुन्हा जोडायची मजुरी नव्या पलंगाएवढी होते. दादाचा स्क्रूचा होता. प्रत्येक फळीवर आणि तिच्या जोडीदार पायावर खडूनं एकच आकडा टाकला, स्क्रू कापडी पिशवीत आणि पिशवी त्याच फळीला बांधली. पिशव्या एकत्र करू नका, दहा घरच्या किल्ल्या एका जुडग्यात घातल्यासारखं होतं.

पलंगाखालून आमची जुनी बाज निघाली. बाभळीचे पाय, आबांनी बांधावरचं झाड तोडून केलेली. दादा ठाण्याला गेला त्या वर्षी ती एसटीच्या टपावरून गेली होती. तेव्हा गाडीच्या मागं शिडी असायची, टपावर कठडा. ज्वारीचं पोतं, सायकल, कोंबड्यांची डालगी आणि बाज. आता सुंभ निघालेला होता, नुसती चौकट राहिलेली, त्यावर वहिनी पिंपं ठेवायच्या. ती पण गाडीत घातली.

आता भरण्याचं सांगतो, कारण नुकसान होतं ते बहुतेक इथंच होतं.

बसचा मागचा भाग चाकांच्या बराच मागं लोंबतो. शेवटच्या बाकावर बसून ज्यानं कधी प्रवास केलाय त्याला वेगळं सांगायला नको, गतिरोधक आला की डोकं छताला. बाकडी काढली म्हणून ती उसळी जात नाही. उलट मालानं पूर्ण भरलेली गाडी दबून चालते, आणि बिऱ्हाड तर हलकं असतं, त्यामुळं पाट्यांची कमान जास्त उडवते. म्हणून जड आणि नाजूक दोन्ही सामान पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये. मागच्या लोंबत्या भागात फक्त गाद्या, कपड्यांची गाठोडी, प्लास्टिकची पिंपं. ट्रॉली भरताना आपण वजन थोडं पुढं घेतो ना, मागं जास्त झालं तर जू उचलतं म्हणून, त्यातलंच हे.

दुसरं, रस्ता बघून भरा. आम्हाला तेव्हा ठाण्याहून साताऱ्याकडं येताना खंडाळ्याचा घाट चढायचा होता आणि पुढं खंबाटकीचा पण चढायचाच होता. खंबाटकीचा बोगदा तेव्हा पुण्याकडं जाणाऱ्यांना होता, आपल्याला येताना घाटच. म्हणजे सगळं सामान मागं, दाराकडं सरकायला बघणार. आम्ही सगळं पुढं ड्रायव्हरच्या मागच्या आडव्या पत्र्याला चिकटवून घेतलं आणि बाजूच्या खांबांना आवळलं. बाकडी निघाली तरी खांब असतात, ते दोर बांधायला उत्तम. मागच्या दारावर कशाचाही भार येऊ दिला नाही.

कपाट आत उभं राहणं शक्यच नव्हतं, कपाट ७८ आणि छत ७५. ते पाठीवर झोपवलं. पाठीचा पत्रा पातळ असतो, २२ गेजच्या आसपास. दादानं मला तिथंच शिकवलं की गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, उलटा हिशोब. म्हणून खाली आधी सगळीकडं सारखा बिछाना लागतो. आल्याची माती झाडून घेतली, ताडपत्री टाकली, त्यावर दोन गाद्या, त्यावर कपाट. वर काही ठेवलं नाही. आरसा दोन गाद्यांच्या मध्ये उभा. काच कधी आडवी झोपवून न्यायची नाही, उभीच न्यायची. फ्रिज उभा ठेवला, गावी आल्यावर लगेच चालू केला नाही. भांडी पिंपात, ज्वारीच्या कडब्यात नाही तर जुन्या साड्यांत गुंडाळून.

साडेअकराला सगळं भरून झालं. मी मागच्या दारात उभा राहून बघितलं. खिडक्यांच्या जागेवर पत्रा होता तरी चौकटीच्या खुणा दिसत होत्या. सामान पुढून चौथ्या खिडकीपर्यंत आलं होतं. मागची अर्धी गाडी मोकळी. दादा पण माझ्या शेजारी उभा होता, तो काही बोलला नाही. वहिनी म्हणाल्या, "मला वाटलं हुतं गाडी पुरायची न्हाय." मग त्यांनी शेजारणीकडून तुळशीची कुंडी आणली, ती मागं ठेवली, आणि पुन्हा जाऊन अजून दोन कुंड्या आणल्या. कुंड्या मागच्या भागात ठेवू नये हे मला माहीत होतं. मी काही बोललो नाही. एक फुटली, तुळस जगली.

रात्री अकराच्या सुमारास गावात आलो. कोरेगावपासून पुढचा आमचा रस्ता कसा आहे ते इथल्या लोकांना माहीत आहे, त्यावर वेगळं लिहीन. पोरांनी ट्रॅक्टरचे दिवे लावून उजेड केला आणि रात्रीच उतरवून घेतलं, कारण गाडी सकाळी परत द्यायची. फळ्यांवरून कपाट सरकवताना खाली ओलं पोतं घातलं, म्हणजे घसरतं पण निसटत नाही. कपाट सोप्यात झोपवून ठेवलं.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी.

घर आबांच्या वडिलांचं. दारं बुटकी, वाकून जायची. रुंदी ३१ इंच. कपाट आडवं, कडेवर घेतलं तर जाडी १९ इंच, त्यामुळं दारातून जायला हरकत नव्हती. सोप्याच्या दारासमोरच खोलीचं दार, सरळ रेषेत, तेवढं बरं. कपाट आत गेलं. आता उभं करायचं. माळ्याच्या फळ्या तुळयांना खालून ठोकलेल्या, त्यामुळं खोलीत सगळीकडं उंची ७९ इंच. कपाट ७८. मी म्हणलं, एक इंच राहतोय, करा उभं. चौघांनी उचललं आणि पाऊण उभं झाल्यावर वरची कड फळीला जाऊन टेकली. पुन्हा खाली, पुन्हा वर. तेच.

मी दहावी पास आहे, तेवढी दहावी इथं उपयोगाला आली. कपाट उभं करताना ते नुसतं ७८ इंच नसतं, कर्णावर फिरतं. उंची ७८, तिचा वर्ग ६०८४. खोली १९, वर्ग ३६१. बेरीज ६४४५. ८० चा वर्ग ६४००, म्हणजे कर्ण ८० इंचाच्या वर पाव इंच. आणि आपल्याकडं ७९. उभं मावतं, पण उभं करता येत नाही. पायथागोरसचा धडा शिकवणाऱ्या आमच्या मास्तरांनी शिडीचं उदाहरण द्यायच्या ऐवजी कपाटाचं दिलं असतं तर वर्गातल्या कोणीच तो ऑप्शनला टाकला नसता.

गल्लीतली माणसं जमली आणि प्रत्येकाकडं उपाय. एक म्हणाला, फरशी उखडून दोन इंचाचा खड्डा करा. एक म्हणाला, माळ्याच्या दोन फळ्या काढा. गवंडी पण बोलावणं न करता आला. तो म्हणाला, हे घरच आता पाडायला आलंय, एवढ्या वरनं कशाला अडता, नवीन स्लॅबचं बघा. आमच्या चुलत्यांनी तर सांगून टाकलं, "कपाट शेडात ठिवा, बियाणं राहील त्यात. उंदीर लागायचा न्हाय." खरं सांगायचं तर ते माझ्याही मनात आलं होतं. स्टीलचं कपाट बियाण्याच्या घेवड्याला झकास.

वहिनी चुलीपाशी उभ्या होत्या. त्या कपाटाकडं बघत नव्हत्या, दादाकडं बघत होत्या. मला ते दिसलं. सगळं गाव बघतंय आणि ठाण्याहून आणलेली एकच मोठी वस्तू घरात मावत नाही, असं ते चाललेलं. मी गवंड्याला म्हणलं, "काढ फळ्या, माळा माझा मी बघतो."

दादा म्हणाला, "थांब. आबांनी ठोकल्यात त्या. कशाला हात लावायचा?" तो कपाटाशेजारी उकिडवा बसला, त्याच्या खालच्या अंगाला हात फिरवला आणि पोराला डिझेल आणायला सांगितलं. कपाटाच्या तळाला चार इंचाची पत्र्याची बैठक असते. दुकानातल्या बऱ्याच कपाटांना ती डागलेली असते. यानं स्वतःचं बनवताना ती चार बोल्टांवर ठेवली होती. मी विचारलं, का? तर म्हणाला, "पावसाळ्यात खोलीत पाणी यायचं आमच्या पहिल्या घरी. बैठक सडती पहिली. बदलता यावी म्हणून." बोल्ट गंजलेले. डिझेल सोडून तासभर ठेवलं, आपण नांगराच्या फाळाचे बोल्ट सोडवतो तसं. तीन सुटले, चौथा छिन्नीनं तोडला.

बैठक काढल्यावर कपाट ७४ इंच. ७४ चा वर्ग ५४७६, त्यात ३६१, बेरीज ५८३७, कर्ण साडेशहात्तरच्या आतच. चौघांनी उचललं आणि एका दमात उभं. वर अडीच इंच मोकळं राहून फिरलं. मग बैठक परत खाली घालायची. पहारीनं एक बाजू उचलली, लाकडाचा ठोकळा सारला, मग दुसरी बाजू, मग बैठक आडवी सरकवून ठोकळे काढले. वर एक इंच जागा राहिली, तेवढ्यात दादानं वर्तमानपत्राची घडी घालून दाबली, हलू नये म्हणून. चुलते बाहेर जाताना म्हणाले, "साडेनऊ बोटांचा हाय, पर हाय मात्र."

तुटलेल्या बोल्टाच्या जागी अजून बोल्ट नाही. तिथं एक लाकडी पाचर आहे.

दादा आता इथंच असतो. आले धुवायच्या ड्रमचा पत्रा दोनदा फाटला होता, तो त्यानं बदलून दिला, चाळणीची भोकं पण त्यानंच पाडली. गावातली चार-पाच कामं त्याच्याकडं येतात, पैसे मागत नाही, मग लोक कोथिंबीर देतात. त्याचं आणि माझं वाटणीचं कागदावर अजून काही झालेलं नाही. तलाठ्याकडं जायचंय, दोघं पण म्हणतो, जाऊ. बाजेला मी नवा सुंभ विणून घेतला, ती अंगणात असते. माझं बियाणं पत्र्याच्या पिंपात आहे, कडुनिंबाचा पाला घालून, उंदीर नाही अजून तरी.

फोन करणाऱ्या तिघांपैकी एकाला अजून एक सांगायचं राहिलं होतं. गाडी ठरवायच्या आधी दोन्हीकडची दारं, जिना, वळणं आणि छत मोजा. गाडीचं दार शेवटी मोजा, ते बहुतेक वेळा सगळ्यात मोठं असतं.

पुतण्याचं लग्न ठरलंय. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं घर बघितलंय त्यानं, आणि नव्या सुनेला म्हणे हेच कपाट पाहिजे, सासऱ्यांच्या हातचं म्हणून. काल त्यानं मोबाईलवर जिन्याचे आणि दाराचे आठ-दहा फोटो पाठवले. दादानं चष्मा लावून सगळे बघितले आणि त्याला फोन लावला.

"फोटो काय पाठवतोस," म्हणाला. "इंच सांग."